सेतुरावांच्या सात ओळी

सेतुराव गेल्याची बातमी ऑफिसच्या ग्रुपवर आली आणि पाच मिनिटांत आमच्या साहेबांनी लिहिलं, 'पर्यावरणाचा सच्चा मित्र हरपला.' मी फोन टेबलावर आपटला. याच साहेबांनी सेतुरावांचं प्रत्येक टिपण 'नंतर पाहू' म्हणून बाजूला सारलं होतं. दीड महिना झाला, माझा राग उतरत नाही. त्यातला निम्मा माझ्या स्वतःवरचा आहे, मग तो उतरणार कसा?

सेतुराव तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच. मी नाशिकची. नवऱ्याच्या बदलीमुळे चेन्नईला आले आणि मैलापूरच्या आमच्या ऑफिसात, रस्ते-पुलांची कंत्राटं तयार करणाऱ्या विभागात, त्यांच्या समोर बसू लागले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मराठींत बोला बाई. माझी ऐकून हसूं नका म्हणजे झालें." मी हसलेच. त्यांनी दोन कापी, म्हणजे आपली कॉफी, मागवल्या. कामात मात्र माणूस महा हट्टी. ठेकेदाराला झाडापाण्यावर भाषण देऊ नका, कामांच्या यादीत ओळ द्या, हे त्यांचं पालुपद. खोदलेली माती कुठे न्यायची, ओढा वाहता कसा ठेवायचा, जुन्या रस्त्याचं डांबर नव्यात किती वापरायचं... प्रत्येकाला वेगळी ओळ, वेगळं माप, वेगळा दर. ओळ असली की काम मोजलं जातं, आणि मोजलं जाणार म्हटलं की ठेकेदार ते करतो.

वेलचेरीच्या पाणथळीलगतच्या उड्डाणपुलासाठी त्यांनी अशा सात ओळी लिहिल्या आणि मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेले. साहेब मला म्हणाले, यादी फार लांबलीय, आटोपशीर करा. मी मोठी शहाणी! सातही ओळी पुसल्या आणि तळाशी एकच वाक्य टाकलं: 'पर्यावरणविषयक सर्व कामे इतर दरांत समाविष्ट.' आमच्याकडे हे वाक्य सगळेच लिहितात. त्याचा खरा अर्थही सगळ्यांना ठाऊक असतो... करू नका, कोणी विचारणार नाही.

ते परतले तेव्हा काम ठेकेदाराच्या हाती गेलं होतं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं मला. पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी त्यांनी मला ट्रेनने वेलचेरीला नेलं. खांबांच्या खड्ड्यांतली माती सरळ पाणथळीत ओतलेली, ओढ्याच्या तोंडाशी फोडलेल्या काँक्रीटचा ढीग. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, तरी पलीकडच्या गल्लीत एक बाई घरातलं पाणी बादलीने उपसत होती.

"अस्की, सातही ओळी, एका वाक्यांत घातलींत," सेतुराव म्हणाले. "आतां तिला सांगा, तिचें पाणी कोणत्या दरांत समाविष्ट?"

परतल्यावर त्यांनी ठेकेदाराला पत्रावर पत्रं लिहिली. उत्तर ठरलेलं: कंत्राटात कुठे लिहिलंय ते दाखवा. दाखवणार काय? मी पुसलं होतं ते! पुढे त्यांचं हृदय थकलं, डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं, तरी ते स्टेशनचे जिने चढून पाणथळीवर फेऱ्या मारत राहिले. एकदाही त्यांनी साहेबांपुढे माझं नाव घेतलं नाही. तेच मला जास्त जाळतं.

आता पुलाच्या पुढच्या टप्प्याचं टेंडर माझ्याकडे आहे. सातही ओळी मी परत लिहिल्या, त्यांच्याच टिपणांवरून, मापांसकट. साहेबांनी बोलावून घेतलं. यादी आटोपशीर करा म्हणाले, आणि वर आवाज हळवा करून, "सेतुरावांच्या आठवणीसाठी आवारात एक झाड लावू या."

"लावू या सर," मी म्हटलं. "त्याचीही ओळ घालते. खड्डा, पाणी आणि तीन वर्षांची निगा. नाहीतर तेही समाविष्टमध्ये मरेल."

फाइल आतापर्यंत तीनदा परत आली आहे. तिन्ही वेळा मी ती तशीच, एक ओळही न पुसता, वर पाठवली.