लाईट गेली की बातम्या

आज दुपारी लाईट गेली, शेजारचा कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना एकदम गप्प झाला आणि मी उगाचच घसा खाकरला. इतक्या वर्षांनीही ही सवय जात नाही.

भिवंडीतल्या एका छोट्या केबल चॅनलवर मी बातम्या वाचायचे. आमची खोली लूमच्या कारखान्यावर होती. खालच्या खडखडाटात माझा आवाज माइकवर येतच नसे. त्यामुळे लाईट गेली की सगळं गाव शिव्या घालायचं आणि आम्ही बॅटरीवर कॅमेरा लावून बातम्या रेकॉर्ड करून घ्यायचो.

एकदा जवळच्या खारबाव गावची एक बाई धापा टाकत वर आली. बाजारात तिची लेक हरवली होती. मुठीतला फोटो घामाने ओला झाला होता.

"बाय, माजे पोरीचा नाव आदी सांग," ती म्हणाली.

आणि त्या दिवशी नेमकी लाईट जाईना. मी खिडकीशी जायचे, परत यायचे. शेवटी खाली जाऊन ओरडूनच सांगितलं. मशीन थांबलं की कारागिरांची मजुरीही थांबायची, तरी एकाने मेन स्विच ओढला.

"बहनजी, पहले बच्ची का बोलो."

त्या शांततेत मी पोरीचं नाव वाचलं. संध्याकाळी ते घराघरांत ऐकू गेलं.

बाई पुन्हा आली नाही. "पोर सापडल्यावर सांगायला कोण येतंय?" आमचा कॅमेरामन म्हणाला होता. मलाही तेव्हा ते पटलं होतं.

आता लाईट गेली की वाटतं, न सापडल्यावर तरी कोण येतं?