राक्षसाच्या तोंडी ‘नाय’

मला अक्षरओळख झाली ती पत्रकांवरून. वडील सभांहून ती आणायचे आणि आई थंडी अडावी म्हणून कुडाला चिकटवायची. ‘उठा’ हा मी वाचलेला पहिला शब्द. मुरबाडकडचं गाव सोडून नववीला मी शहापुरात मामाकडे आले, तेव्हा माझं बोलणं ऐकून मुली हसायच्या. सापगावहून चालत येणारी एकजण तेवढी हसली नाही. वर्गात ती नुसती मान हलवायची. माझ्याशी मात्र घरच्या बोलीत बोलायची. ती नसती, तर दिवसभर माझ्याशी बोलायला शाळेत कुणीच नसतं.

त्या वर्षी मराठीच्या सरांनी अवांतर वाचनाला एक अद्भुत कादंबरी दिली. काळं रान, बोलणारा घोडा, राजकन्येला पळवणारा राक्षस. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी विहिरीमागे ती नाटकासारखी वाचायचो. ती राजकन्या, मी राक्षस.

“तुज्यासारका राक्षस कुनाला जमनार नाय गो.”

“न् तुज्यासारकी रडकी राजकन्या पन नाय!”

मग रसग्रहण लिहायची वेळ आली. कथानक, पात्रं, वातावरण यांवर लिहून झालं. भाषेपाशी मी अडले. राक्षसाचे संवाद मला न घोकताच पाठ कसे झाले होते? पुन्हा पानं चाळली. राजपुत्र ‘नाही’ म्हणत होता, राजकन्या ‘नाही’ म्हणत होती, घोडासुद्धा ‘नाही’ म्हणत होता. ‘आमी नाय सोडनार’ म्हणणारा एकटा राक्षस. त्याचं घरही गावाबाहेर, रानाच्या कडेला. आमच्याकडे तिथे मजुरीवर जगणारी माणसं राहतात.

मी पेटले. वर्गात उभी राहून वाचलं, “रान भीतीदायक करण्यासाठी लेखकाने रानातल्या माणसांची जीभ राक्षसाला दिली आहे. हा अन्याय आहे! हा राक्षस माझ्यासारखा बोलतो.” मग तिच्याकडे बोट केलं. “आणि हिच्यासारखा.”

सर हसले. “हे रसग्रहण आहे की पत्रक?”

“दोन्ही, सर.”

मागून कुणीतरी म्हणालं, “दोन राक्षसिणी!” ते नाव चिकटलंच.

शाळा सुटल्यावर मी तिला सापगावच्या वाटेवर गाठलं.

“तुजं खरं हाय,” ती चालता चालताच म्हणाली. “पन मला कशाला दावलंस? मी गप बसायची ती उगाच काय?”

त्या रसग्रहणातलं एकही वाक्य मी आजही मागे घेणार नाही. कादंबरीत होतं तेच मी दाखवलं. पण दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या शेजारून उठून पुढच्या बाकावर बसू लागली, आणि विहिरीमागे मी एकटी. राक्षसाचे संवाद एकटीने म्हणून पाहिले. समोर राजकन्या नसली की त्यात काही राम नव्हता.

शेवटी एकदा वर्गाच्या दारात तिला अडवलं. “रागावलीस काय गो?”

तिने ओठ सावरले आणि तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तशी म्हणाली, “नाही.”