सहीचे नऊशे रुपये

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. नुकताच वैशाख लागला होता आणि सोलापुरात पत्र्यावर पापड भाजून निघेल असं ऊन होतं. त्या वैशाखापासून दसऱ्यापर्यंत आमच्या भवानी पेठेत एका गिटारवरून जे जे झालं, ते मी इतक्या वेळा सांगितलंय की आता ऐकणारेच मला परत सांगतात. आणि चुकीचं सांगतात!

किस्से भुशासारखे असतात. रंधा चालू असताना लक्ष जात नाही. संध्याकाळी खाली बघावं तर घोट्यापर्यंत साचलेले. म्हणून एकदा झाडून घेतो.

मी मागाचा सुतार. शिक्षण चौथी. पेठेतले निम्मे हातमाग माझ्या हातचे. हे बढाई म्हणून सांगत नाही, मोजून घ्या.

*

माझ्या दुकानासमोर राजय्याचं घर. चादरी विणायचा. दोन माग, दोन्ही मीच बांधलेले. रोज सकाळी दहाला तो समोरून यायचा आणि आम्ही एक चहा दोघांत घ्यायचो. कप त्याला, बशी मला. वीस वर्षं हा नेम.

त्याचा मुलगा व्यंकू. विणायचा बरा, पण जीव गिटारमध्ये. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात उसनी गिटार घेऊन वाजवायचा. एके दिवशी दुकानात येऊन मला म्हणाला, "मामा, वस्तू चांगली असली तर जास्त पैसे द्यावेत का?"

मी रंधा मारत होतो. वर न बघता म्हणालो, "चांगल्या कामाचा भाव करू नये."

एवढंच बोललो. महागात पडलं.

*

आठ दिवसांनी व्यंकू मुंबईहून इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. लालभडक रंग, आरशासारखी चमक. अर्धी पेठ जमली. गिटारवर सोनेरी रंगात काहीतरी गिरगटलेलं होतं.

मी विचारलं, "हे काय?"

"सही हाय, मामा. परदेशातल्या एका लई मोठ्या गिटारवाल्याची."

"त्यानं बनवली ही?"

"न्हाय. कारखान्यात बनती."

"मग त्यानं वाजवून बघितली?"

"न्हाय हो मामा. त्याला कुटं एवढा येळ!"

"मग सही कशाबद्दल केली?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याच दुकानात तीच गिटार बिनसहीची सोळाशेला होती. सहीची पंचवीसशेला. व्यंकूनं चार वर्षं लग्नात वाजवून साठवलेले बरोबर सोळाशे होते.

"वरचे नऊशे कुठून आणलेस?"

राजय्या चादरी विकायला नातेपुत्याच्या बाजारात गेला होता. तेवढ्यात ह्यानं भिंतीकडचा माग, वरच्या नक्षी काढायच्या जेकार्डसकट, उचलून एका कारखानदाराला देऊन टाकला होता. नऊशेला!

म्हणजे गिटार स्वतःच्या पैशाची. बापाचा माग गेला तो त्या सोनेरी रेघोट्यांत.

*

राजय्या परत आला. रिकाम्या भिंतीकडे बघितलं, गिटारकडे बघितलं. ओरडला नाही. शांतपणे विचारलं, "ही दिवसाला किती चादरी काढती रं?"

तेव्हा कुणी हसलं नाही. नंतर पेठ वर्षानुवर्षं हसली.

मग माझ्याकडे वळला. "सुतारा, माग तूच बांधलास. तुझ्याच शब्दावर गेला."

दुसऱ्या दिवशी दहाला तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझ्या चहावर साय धरली.

मी त्याच्या दारात गेलो. त्यानं आत बोलावलं नाही. मी तसाच उंबऱ्याबाहेरून म्हणालो, "खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी तुझे दोन्ही माग जागेवर असतील. तोवर मला चहा नको."

बायको म्हणाली, "चहा सोडून माग येतो होय?" बाईला काय कळणार, असं मी म्हणालो. तिचं बरोबर होतं. पहिले आठ दिवस नुसतं डोकं दुखलं.

*

माझा हिशेब सरळ होता. तशीच गिटार मी बनवायची, व्यंकूनं ती वाजवायची, सहीवाली विकायची, माग सोडवून आणायचा.

व्यंकू घाबरला. "मामा, ती परदेशी हाय हो!"

"लाकूड लाकूडच असतं. खोल ती."

चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत बघितलं तर रंगाखाली लाकडाचे पाच तुकडे चिकटवलेले! पाटालासुद्धा आम्ही असं लाकूड लावत नाही. मी व्यंकूला म्हणालो, "त्या मोठ्या माणसाला कुणी आत दाखवलं नसणार. नाहीतर सही केली नसती."

माझ्याकडे एका मोडीत निघालेल्या मागाचा सागवानी तुळवट होता, जाड आडवी तुळई. तीस वर्षं दणके खाल्लेला, कण न कण वाळलेला. एकाच तुकड्यात गिटार निघाली. मान शिसवाची. मानेवरच्या बारीक पट्ट्यांच्या खुणा कागदावर उतरवून केसाचाही फरक न ठेवता बसवल्या. रंग दिला नाही. चांगल्या लाकडाला अंगरखा कशाला?

*

आवाजाचा भाग माझा नव्हता. तो इक्बालभाईचा. हा ऑर्केस्ट्राचा मालक, अकॉर्डियन वाजवायचा, आणि दिवसा दुकानात जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. तारांखाली जी चुंबकाची डबी असते, तिला केसासारखी बारीक तार हजारो वेढे गुंडाळायची असते. इक्बालभाई म्हणाला, "चाचा, मोटर भरता सो आदमी ये भी भरेंगा!"

वेढे तोंडी मोजत बसला. मध्ये कुणी बोललं की आकडा चुकायचा. दोनदा पहिल्यापासून केलं. तिसऱ्या वेळी एक यंत्रमागवाला मोटार न्यायला आला. म्हणाला, "भाई, किती झाले?"

इक्बालभाई मान वर न करता म्हणाला, "चार हजार दो सौ सात."

माणूस मोटार तिथेच टाकून जो पळाला, तो थेट मेहुण्याला घेऊन भांडायलाच आला!

*

आता माझी फजिती. स्वतःची आहे म्हणून गाळत नाही.

तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी त्या सहीवाल्या गिटारवर तिरकी बसवलेली होती. मी बघितलं आणि हसलो. "पंचवीसशे घेतात आणि गुण्या लावता येत नाही!" माझ्या गिटारवर ती काटकोनात, सरळ बसवली. मागाची कुठलीही पट्टी वाकडी बसली तर कापड वाकडं निघतं. पन्नास वर्षांचा हात सांगतो ते खोटं कसं असेल?

व्यंकूनं वाजवली. मानेच्या टोकाकडचे सूर ठीक. बोटं खाली पोटाकडे येतील तसतसे सूर हुकायला लागले.

इक्बालभाईनं अकॉर्डियन खाली ठेवला. "चाचा, गाना सोलापूर में, गिटार बार्शी में!"

मी तारांना दोष दिला. उन्हाला दिला. व्यंकूच्या बोटांनाही दिला. आठ दिवस पट्टी हलवली नाही. नवव्या दिवशी, दुकानात कुणी नाही असं बघून, ती त्या गिटारसारखी तिरकी केली. एकेक तार छेडली. मला सूर कळत नाही, पण बरोबर बसलेला सांधा कळतो. बसला होता.

कारखान्यातल्या त्या कारागिराला मी मनात हात जोडले. पैसे मोजावेत ते त्या तिरक्या पट्टीचे. सहीवाल्याला हात जोडले नाहीत.

*

पहिला कार्यक्रम सांगोल्याला, लग्नात. मुलीच्या बापानं गिटार बघितली आणि अडून बसला. "सही कुटं हाय? आमी सहीवाली गिटार ठरवलीया! पावण्यांना सांगून बसलोय की."

आम्ही दोन्ही गिटारी नेल्या होत्या. मी सहीवाली उचलली आणि खुर्चीवर पाहुण्यांच्या मधोमध ठेवली. "ही बघायला. ती ऐकायला."

बाप खूश! लोक सहीसमोर उभे राहून बघत होते आणि नाचत होते माझ्या सागवानावर. एका म्हातारीनं सहीला नमस्कारही केला.

तिथून निघताना व्यंकू म्हणाला, "मामा, आता तुमीच सही करा हिच्यावर."

मी म्हणालो, "सही येते मला. पण एवढे माग बांधले, एकावर नाव नाही. माग चालला की पेठेला कळतं कुणाचा ते."

*

गणपतीत मुंबईचा एक वादक सोलापुरात आला. इक्बालभाईच्या ओळखीचा. काळा चष्मा, कल्ले कानाखाली बोटभर. सहीवाली बघून त्याचे डोळे लकाकले. म्हणाला, "सहीचा फरक आवाजात असतो. डोळे बांधा, मी सांगतो."

इक्बालभाईनं खांद्यावरचा पंचा काढून त्याचे डोळे बांधले. व्यंकूनं एकच तुकडा दोन्हींवर वाजवला. तीन वेळा, क्रम बदलून.

तिन्ही वेळा तो म्हणाला, "ही! ही सहीवाली. ह्याला म्हणतात परदेशी आवाज!"

पंचा सोडला. समोर माझा मागाचा तुळवट.

इक्बालभाई म्हणाला, "साब, इस पे तो दूधवाले की भी सही नहीं!"

मला वाटलं माणूस खजील होईल. तो व्यंकूला म्हणाला, "ती सहीवाली विकता का?"

"पण आवाज तर आत्ता तुमीच..."

"आवाज तुमच्याकडे ठेवा. पहिल्या रांगेतल्या माणसाला काय दिसतं? सही!"

त्यानं दोन हजार सांगितले. मी म्हणालो, "सोळाशे गिटारचे, नऊशे सहीचे. गिटारचा भाव करा हवं तर. सहीचा करायचा नाही, ती तुम्हालाच हवी आहे."

पंचवीसशे मोजले त्यानं. रोख!

अजूनही पोरं मला विचारायला येतात, सहीवाली गिटार घ्यावी का म्हणून. मी विचारतो, "वाजवायची आहे की विकायची?"

*

खंडेनवमी. कारखानदारानं माग घेतला त्याच भावात परत दिला, हमाली आमची. आदल्या दिवशी मी आणि व्यंकूनं तो भिंतीशी उभा केला. राजय्या ओसरीवर पाठ करून बसला होता. एकदाही वळला नाही.

सकाळी त्यानं दोरा लावून मागाचे चारही पाय तपासले. चूक सापडली नाही. पहिल्या मागाला हळद-कुंकू लावलं. दुसऱ्याला लावलं. व्यंकूनं गिटार दोन मागांच्या मध्ये आणून ठेवली आणि मागे सरला. मी दारातच उभा होतो.

राजय्या गिटारसमोर थांबला. हातात कुंकवाचा करंडा.

"ही दिवसाला किती चादरी काढती रं?"

व्यंकू म्हणाला, "चादर न्हाय काढली, नाना. माग काढला की एक."

राजय्यानं बोट कुंकवात बुडवलं आणि गिटारला टेकवलं. मग आत बघून मोठ्यानं म्हणाला, "चहा टाका. एकच. बशी मोठी द्या."