बाराचा आकडा मी काढला

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कारखान्यात एक जुना नियम होता. प्लांटमधला साधा व्हॉल्व्ह फिरवायचा तरी आधी बदल-रजिस्टरमध्ये लिहायचं, सही करायची, मगच हात लावायचा. कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे आला तेव्हा तोच नियम मी तिथेही लावला. प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली तरी सही. हे मी इतक्यांदा ऐकवायचो की मागे लोक माझी नक्कल करायचे. तो नियम मी स्वतः मोडला, आणि त्याची शिक्षा दुसऱ्या कुणाला तरी होऊ दिली.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. अंबरनाथचा कारखाना, उल्हासनगरचं ऑफिस आणि बदलापूरचं गोडाऊन अशा तिन्ही ठिकाणी नवे डेटाबेस सर्व्हर बसवायचे होते. सोबत नकाशाचं एक एक्स्टेन्शन, म्हणजे डेटाबेसला जोडायचा जादा भाग. टँकर कुठे पोचला ते त्यावरून दिसणार होतं. हे सगळं आपोआप बसावं म्हणून विभागातल्या एका मुलीने स्क्रिप्ट लिहिली. मुलगी म्हणतो, पण तिशीची होती. बुवापाड्याच्या झोपडवस्तीत राहायची, कंत्राटावर होती आणि माझ्यापेक्षा हुशार होती. हे शेवटचं तेव्हा मी कबूल केलं नसतं.

स्क्रिप्टमध्ये दोन ओळी महत्त्वाच्या होत्या. एकीत सर्व्हरची बारावी आवृत्ती, दुसरीत त्या बाराव्या आवृत्तीसाठीच बनवलेलं एक्स्टेन्शन. तिने सगळं तपासून रजिस्टरमध्ये सही केली आणि डबा खायला गेली. मी फाइल उघडली. लॉगिन आम्हा सगळ्यांचं एकच होतं, त्यामुळे कुणी काय बदललं ते कळायची सोय नव्हती. एवढी जुनी आवृत्ती कशाला, असं वाटलं. खरं तर कामाला आपलाही हात लागावा असं वाटलं. सर्व्हरच्या ओळीतला बारा मी काढला. आकडा नसला की सगळ्यात नवी आवृत्ती येते, एवढं मला ठाऊक होतं. पुढची ओळ मी वाचलीच नाही.

दुपारी तिने स्क्रिप्ट चालवली. तेरावी आवृत्ती बसली. मग एक्स्टेन्शनने स्वतःला लागणारा बारावा सर्व्हरही ओढून आणला. एकाच मशीनवर दोन सर्व्हर. आमचा डेटा तेराव्यात, नकाशा बाराव्यात. हाताने बसवलं असतं तर पहिल्याच मशीनवर अडलो असतो. स्क्रिप्टने तिन्ही गावांत एकदम घोळ घातला.

उल्हासनगरच्या मॅनेजरचा फोन आला. "अरे साहेब, मॅडम बोलते एक्स्टेन्शन डाला है. मशीन बोलतं, नहीं है. किसकी सुनू?"

तासाभरात तिने दोन्ही सर्व्हर शोधून काढले. मग माझ्याकडे आली.

"सर, हा तेरा आला कुठून? मी तर बारा लिहिला होता. आता फाइल उघडून बघते."

त्या क्षणी मला सगळं कळलं. मी म्हणालो, "तूच बघ. सही तुझी आहे."

ती उल्हासनगरला फोनवर बोलत असताना मी तो आकडा गुपचूप परत घातला.

तिने फाइल पाहिली तर बारा जागेवर. तिने तेरावी आवृत्ती काढली, तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली, आणि सगळं नीट बसलं. त्यानेच तिची पंचाईत झाली. आमच्या कारखान्याच्या मॅनेजरने तिला बोलावून विचारलं, आता चालली ती आधी का नाही? तिने पुन्हा फाइल उघडून दाखवली. ती बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "अशांना घेतलं की असंच होणार." 'अशांना' म्हणजे वस्तीतून आलेल्यांना, ते मला समजलं होतं. मी मान खाली घालून चहा पीत राहिलो. पुढे कंत्राट वाढवताना तिचं नाव वगळलं. माझा अभिप्राय मागितला होता. मी लिहिलं, 'कामात निष्काळजी.'

आता निवृत्त होऊन मी बदलापूरजवळ सोनिवलीला राहतो. ती वांगणीला असल्याचं कळलं, आणि गेल्या महिन्यात तिच्या घरी गेलो. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"सर, तेरा कुठून आला ते मी दोन वर्षं शोधलं. घरी जुन्या मशीनवर पुन्हा पुन्हा चालवून बघितलं. इंटरव्ह्यूत विचारायचे, तर मी सांगायचे, चूक माझीच, पण सापडली नाही. असं बोलणाऱ्या बाईला कोण घेतं? शेवटी ते कामच सोडलं. आता एका शाळेत दाखले टाइप करते."

"मला माफ कर."

"ते राहू द्या. लिहून द्या. कुठली ओळ, काय काढलंत, परत कधी घातलंत."

"आता त्याचा काय उपयोग?"

"तुम्हाला नसेल. मला वाचायचंय."

तिने वही दिली. मी बसून लिहिलं. तिने ओळीवर बोट ठेवून वाचलं, एका ठिकाणी थांबली. "दोन्ही ओळी जशाच्या तशा लिहा. अंदाजे नको." मला आठवेनात. तिने त्या पाठ म्हणून दाखवल्या, आणि मी उतरवून घेतल्या.

मग कागद घेऊन ती आतल्या खोलीत नवऱ्याकडे गेली. "अहो, ऐका," ती म्हणाली, "स्क्रिप्ट बरोबर होती." मी चपला घातल्या तेव्हा ती त्याला वाचून दाखवत होती. बाहेर येऊन मला निरोप द्यायचं तिला सुचलं नाही, आणि थांबायचा मला हक्क नव्हता.