फडताळातल्या तीन गोळ्या

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पायात चपला घालत होतो. सकाळी अकराला जुळे सोलापुरातून निघायचं, भवानी पेठेत अक्काच्या घरी जायचं आणि तिच्या बीपीच्या गोळ्या तपासायच्या, हा माझा रोजचा नेम. फोन तिच्या शेजारणीचा, नरसम्माचा होता. "अण्णा, अक्का खुर्चीत बसल्या बसल्याच... लवकर या." पोचलो तेव्हा माणसं जमली होती. थोरली बहीण समोर निपचित, आणि मी काय केलं? सरळ स्वयंपाकघरात जाऊन फडताळ उघडलं आणि गोळ्यांचं पाकीट मोजलं. असायला हव्यात त्यापेक्षा तीन गोळ्या जास्त निघाल्या. शेजारीच सफरचंदाच्या शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, तिची ती बाटली उभी होती. मला वाटलं, सापडला चोर. आज दीड महिन्यानं हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

मी जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर होतो. बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय मी घरात गुलाबपाणीसुद्धा येऊ देत नाही. देवळातल्या तीर्थाचाही तुम्ही वास घेऊन बघता, असं माझी बायको म्हणते, आणि ते खरं आहे. अक्का याच्या अगदी उलटी. शाळेत मास्तरीण होती, पण पोरानं पोट दुखतंय म्हटलं की खरं मानून घरी पाठवायची. यजमान गेल्यावर ती एकटीच राहायची. तिची लेक माधुरी पुण्याला असते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला तिनं ती पहिली बाटली आणली आणि अक्काच्या घराला आंबट वास लागला तो लागलाच.

काय काय करायची ती त्या शिरक्याचं! आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं नळांवर पांढरा थर चढतो, त्यावर शिरक्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवायची, तासाभरानं नळ लखलखीत. चहाच्या किटलीत तेच. तांब्याच्या कळशीला मीठ आणि शिरका. पिकलेल्या केळ्यांभोवती चिलटं झाली की वाटीत थोडा शिरका ठेवायची. डोक्यात कोंडा झाला, लाव पाण्यात कालवून. इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. भांडी घासायला काय, चिंचही चालते. पण एक दिवस मी गेलो तर बाई पेलाभर पाण्यात चमचाभर शिरका घालून तो पिताना दिसल्या.

"अक्का, हे काय करायलीस?"

"शिरका घ्यायले. साखर, बीपी, वजन, सगळ्याला चांगला म्हणे."

"कोण म्हणे?"

"मोबाइलवर एक बाई सांगायली की."

मग माझी जी सटकली... मी तिला सांगितलं, दातांचं वरचं कवच जाईल, पोटात जळजळ होईल, आणि बीपीच्या गोळीची जागा हे आंबट पाणी कधीही घेणार नाही. बाटली उजेडात धरून तळाशी साचलेलं जाळं दाखवलं. ती म्हणाली, "त्याला शिरक्याची आई म्हणतात. ती असली तरच शिरका खरा." मी म्हणालो, सफरचंद सोलापुरात पिकत नाही, मग त्याचं पाणी सोलापूरकराला कशाला? तर शांतपणे म्हणते, "तुझी दवाखान्यातली औषधं तरी कुठं पिकायची रे होटगी रोडला?" त्याच दिवशी मी गोळ्या मोजल्या. दोन जास्त होत्या. म्हणजे दोन दिवस गोळी चुकवलेली. तोवर मी रविवारचा, तेही जमलं तर, जायचो. त्यानंतर मात्र रोज जायला लागलो. रोज मोजायचो, कधी बरोबर भरायच्या, आठवड्यातून एकदा तरी एखादी जास्त निघायचीच. मग आमचं भांडण. भांडण झालं की ती चहा टाकायची, चहानंतर शाळेतल्या गोष्टी निघायच्या आणि मला घरी पोचायला दोन वाजायचे.

डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, वय झालं होतं. मला ते पटेना. तेराव्याला पाहुणे गेल्यावर मी माधुरीला समोर बसवलं आणि म्हणालो, "तुझ्या बाटलीनं तुझ्या आईला नेलं. त्याच्या नादानं तिनं गोळ्या सोडल्या." पोरीनं माझ्याकडं बघितलं. मग उठून भांडी आवरायला लागली. दुसऱ्या दिवशी मला न सांगता ती पुण्याला गेली. मला वाटलं, खरं होतं म्हणूनच गप्प बसली.

गेल्या आठवड्यात घर झाडायला म्हणून गेलो तर नरसम्मा एक स्टीलचा डबा घेऊन आली. दाराशीच उभी राहिली.

"अण्णा, हे अक्कांचं हाय. लई दिवस द्यावं म्हणत होते, धीरच झाला न्हाय. रोज सकाळी सातला त्या माझ्याकडं यायच्या. मी विड्या वळत बसलेली असायची. चहा घ्यायच्या आन् गोळी घ्यायच्या."

"कसली गोळी?"

"बीपीची. तुमी मोजायचा ती फडताळातली येगळी, त्यातली रोज एक काढून टाकायच्या, मधीच एखादी ऱ्हाऊ द्यायच्या; ही येगळी. ही त्या स्वतः आणायच्या."

माझा विश्वास बसेना. म्हटलं, बाई माझी समजूत घालत असेल. डब्यात गोळ्यांचं पाकीट होतं, आणि एक चाळीस पानी वही. उघडली तर शाळेच्या हजेरीपटासारखे उभे-आडवे चौकोन आखलेले. पहिल्या ओळीला नाव लिहिलं होतं, "गोळी". प्रत्येक तारखेखाली "ह". हजर. एकही दिवस सुटलेला नाही, गेली त्या सकाळचासुद्धा. दुसऱ्या ओळीचं नाव होतं "बंडू". म्हणजे मी. सुरुवातीच्या पानांवर माझ्या ओळीत "ग" आणि "ग" आणि "ग", मध्ये एखादाच "ह". शिरक्यावरून पहिलं भांडण झालं त्यानंतरच्या पानांवर सगळे "ह".

मी तिथंच, झाडू हातात धरून, तिच्या खुर्चीत बसलो आणि रडलो. नरसम्मा म्हणाली, "तो पेला पण तुमी यायच्या टायमाला भरायच्या. येरवी पीत नव्हत्या. आंबट लागतंय म्हणायच्या."

संध्याकाळी माधुरीला फोन केला. माफी मागायची मला सवय नाही, अडखळतच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं मामा."

"मग तेराव्याला बोलली का नाहीस?"

"आईनं शपथ घातली होती. हे सोंग मामाला कळलं तर त्याला वाईट वाटेल म्हणाली..." मग तिनंच विचारलं, "तुम्ही तुमच्या गोळ्या घेता ना वेळेवर?"

"घेतो की."

"आवाजावरून वाटत नाही. मी रविवारी येते आणि बघते."

माझी गोळी मी रोज सकाळी न चुकता घेतो, कंपाउंडर माणूस आहे. पण काल बाजारातून आणखी एक पाकीट आणलं. ते समोरच दिसेल असं फडताळात ठेवलंय, आणि त्यात दोन गोळ्या जास्त ठेवल्यात.