लुगड्याच्या घडीतलं पत्र
डांबरगोळ्यांचा वास आला की मला मुळशीच्या घरातली आईची पत्र्याची पेटी आठवते. एकसष्ट-बासष्ट साल असेल. बी.कॉम. होऊन मी पुण्याच्या एका कॉलेजात एम.कॉम.साठी अर्ज केला होता. बँकिंग हा खास विषय हवा होता आणि त्याला जागा मोजक्याच होत्या. उत्तर येईपर्यंत मी पौडला रस्त्याच्या कामावर हजेरी लिहायचो आणि शनिवारी घरी यायचो. त्या शनिवारी आईनं हसत पेटी उघडली आणि लग्नातल्या लुगड्याच्या घडीतून पाकीट काढलं. "सोमवारी आलं. शिक्का हाय त्याच्यावर, म्हून जपून ठिवलं. घेतलं न्हवं तुला?" तिला वाचता येत नव्हतं. पत्र मुलाखतीच्या बोलावण्याचं होतं. मुलाखत गुरुवारीच होऊन गेली होती, आणि गैरहजर राहिल्यास अर्ज रद्द, असं खाली छापलं होतं. "न्हाई घेतलं, आये," एवढंच म्हणालो आणि ओढ्यावर निघून गेलो. पुढं जन्मभर ती त्या कॉलेजवाल्यांना शिव्याशाप देत राहिली आणि मी मान हलवत राहिलो. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण खरं काय घडलं ते मी अजून घरात कुणालाही सांगितलेलं नाही.