जिलबीतली ठिणगी

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. सांताक्रूझ स्टेशनबाहेरच्या मिठाईच्या दुकानात एक बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू, गृहस्थ भेटायचे. नाव कधी विचारलं नाही. जिलबी उचलली की डोळे मिटून हिब्रूत काहीतरी पुटपुटायचे.

एकदा विचारलं तर म्हणाले, "आमचे जुने ज्ञानी सांगतात, प्रत्येक वस्तूत देवाची ठिणगी अडकलेली असते. प्रार्थना करून खाल्लं की ती सुटते."

"मग दुसऱ्या जिलबीतली?"

"तिथेच तर भांडण आहे हो! पहिली देवासाठी, दुसरी माझ्या जिभेसाठी."

बराच वेळ ते बशीतल्या त्या दुसऱ्या जिलबीकडे बघत राहिले. मग घाम पुसून त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. मी खाल्ली.

"कशी होती?" त्यांनी इतक्या कासावीस होऊन विचारलं, की मी बेधडक खोटं बोललो, "शिळी."

"वाटलंच मला!" म्हणत ते विजयी मुद्रेने घरी निघाले.